आजी-आजोबांना नेणारा आजार आणि गावाशी बोलायचा विषय

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका गावातली असून नोकरीनिमित्त पुण्यात राहते. माझे आजोबा (वडिलांचे वडील) २०२१ साली स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेले. सुरुवात काविळीपासून झाली. शेजारच्या गावात कावीळ उतरवणारे एक गृहस्थ आहेत, त्यांचे औषध आणि पथ्य दीड महिना चालले. नंतर सीटी स्कॅन केला तेव्हा आजार यकृतापर्यंत पसरलेला होता. २०२४ साली आजीलाही तोच आजार निघाला. तिला आदल्या वर्षी मधुमेह निघाला होता, वजन भराभर उतरत होते आणि आम्ही सगळे तिच्या पथ्याचे कौतुक करत होतो. पाठ दुखते म्हणून मणक्याचे उपचार चालू होते. तिला आजाराचे नाव शेवटपर्यंत सांगितले नाही आणि शेवटचे दोन महिने तिने फार वेदनेत काढले. आता माझ्या ५६ वर्षांच्या बाबांना मधुमेह निघाला आहे. आम्ही उशीर केला म्हणून दोघे गेले का? हा आजार आमच्या घराण्यातच आहे का? गावात लोक 'घराला लागलंय' असे बोलतात. या आजाराची माहिती गावात सर्वांना द्यावी असे मला फार वाटते. पण आत्या म्हणते, घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडू नकोस, अजून मुलींची लग्ने व्हायची आहेत. मी काय करावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रात दुःख आहे, भीती आहे आणि काहीतरी करण्याची इच्छाही आहे. या तिन्हींविषयी लिहीनच. पण वडिलांचा प्रश्न थांबण्यासारखा नाही, म्हणून तो आधी घेते.

छपन्नाव्या वर्षी मधुमेह निघणे ही आपल्याकडे इतकी सर्वसाधारण गोष्ट आहे की केवळ तेवढ्यावरून कर्करोगाची शंका घेण्याचे कारण नसते. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह निघालेल्या रुग्णांच्या नोंदी अमेरिकेत तपासल्या गेल्या, तेव्हा पुढच्या तीन वर्षांत स्वादुपिंडाचा कर्करोग आढळलेल्यांचे प्रमाण शंभरांत एकाच्या आसपास निघाले. बाकीच्यांचा मधुमेह हा नुसता मधुमेहच होता. मात्र दोन गोष्टी जोडीला आल्या की हे प्रमाण बदलते. पहिली गोष्ट वजनाची. नेहमीचा मधुमेह बहुधा पोट सुटलेल्या, वजन वाढत गेलेल्या माणसाला हळूहळू गाठतो आणि त्याआधी काही वर्षे साखर किंचित वर राहिलेली असते. याउलट स्वादुपिंडातील गाठीमुळे साखर बिघडते तेव्हा ती काही महिन्यांत झपाट्याने चढते आणि त्याच काळात, खाण्यात मुद्दाम काही बदल केलेला नसतानाही, वजन उतरत जाते. दुसरी गोष्ट कुटुंबाच्या इतिहासाची, आणि तुमच्या वडिलांच्या बाबतीत तो आई व वडील अशा दोन्ही बाजूंनी आहे.

वडिलांच्या वजनाविषयी तुम्ही पत्रात काही लिहिलेले नाही. ते आधी पाहा. गेल्या दोन-तीन वर्षांत कधीही केलेल्या रक्ततपासण्या, विम्यासाठी किंवा डोळ्यांच्या शस्त्रक्रियेआधी झालेल्या तपासण्या, जिथे जिथे साखरेची किंवा वजनाची नोंद असेल ते सारे कागद एकत्र करा, त्यांना आजी-आजोबांचे सीटी व बायप्सीचे अहवाल जोडा आणि वडिलांना घेऊन पोटविकारतज्ज्ञाकडे जा. वजन उतरलेले असेल तर वेळ न घालवता जा. ते स्थिर असेल किंवा वाढलेले असेल तर घाई नाही, पण जायचे टाळू नका. दोन्ही पालकांना हा आजार झालेला असताना आणि स्वतःला पन्नाशीनंतर मधुमेह निघालेला असताना स्वादुपिंडाचे एकदा नीट चित्रण, म्हणजे सीटी स्कॅन किंवा एमआरसीपी (पित्तनलिका व स्वादुपिंडाची नलिका दाखवणारा एमआरआय), करून घ्यावे या मताची मी आहे. अंतिम निर्णय त्यांना प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनी घ्यावा. एक पूर्वसूचना देते : अशा तपासणीत कधीकधी स्वादुपिंडात लहानशी पाण्याची गाठ दिसते आणि घरात रडारड सुरू होते. अशा बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. त्यांच्यावर ठरावीक काळाने लक्ष ठेवले की पुरते.

आता घराण्याचा प्रश्न. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांमागे साधारण दहा जणांत जन्मतः आलेला जनुकीय दोष कारणीभूत असतो. त्यांत बीआरसीए-२ हे जनुक प्रामुख्याने आढळते. त्याशिवाय बीआरसीए-१, एटीएम, पीएएलबी-२ आणि आणखी काही जनुके आहेत. यांतील काहींमुळे स्तनाचा, बीजांडकोशाचा आणि प्रोस्टेटचा कर्करोग होण्याचा धोकाही वाढतो, म्हणून तुमच्या घराण्यात तीन पिढ्यांत कोणाला कोणता कर्करोग झाला आणि कोणत्या वयात झाला, हे थोरल्या माणसांकडून विचारून लिहून काढा. उरलेल्या नव्वद रुग्णांत असा वारसा सापडत नाही. शिवाय पती-पत्नी हे रक्ताचे नातेवाईक नसतात. आजोबांचा आजार आणि आजीचा आजार एकाच घरात घडला, एवढ्यावरून तो 'घराण्यातला' ठरत नाही. अपवाद एकच, तोही तुमच्या भागात खरा ठरण्यासारखा, म्हणून विचारते : आजी ही आजोबांच्या मामाची मुलगी किंवा जवळच्या नात्यातली होती का? तसे असेल तर जनुकीय समुपदेशकाला, म्हणजे आनुवंशिक आजारांविषयी सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाला, ते जरूर सांगा, कारण मग दोघांच्या रक्ताचा धागा एकच असू शकतो.

जनुकीय चाचणी खरे तर रुग्णाची करणे सर्वांत उपयोगी असते. आज ते शक्य नाही, म्हणून पुढच्या पिढीतील, म्हणजे तुमच्या वडिलांची आणि आत्यांची चाचणी करण्याविषयी समुपदेशकाशी बोलावे. त्यांत दोष सापडला तरच तुमची आणि तुमच्या भावंडांची चाचणी करण्याला अर्थ आहे. दोष सापडलेल्या व्यक्तीवर एमआरआय आणि एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड (तोंडावाटे दुर्बीण घालून आतून केलेली सोनोग्राफी) यांच्या साहाय्याने, सामान्यतः पन्नाशीच्या आसपासपासून, दरवर्षी लक्ष ठेवता येते. तो सापडला नाही, तर वडिलांचा धोका इतरांपेक्षा काहीसा अधिक राहतो, एवढेच. आई किंवा वडिलांपैकी एकाला हा आजार झालेल्यांत तो साधारण दुपटीच्या आसपास मानतात, पण मुळातला धोकाच लहान आहे : हा आजार जिथे भारतापेक्षा कितीतरी अधिक आढळतो त्या अमेरिकेतही आयुष्यभरात साठांतील एखाद्याच माणसाला तो होतो.

घर एक असल्यामुळे लागणारी दुसरी एक गोष्ट मात्र असते, ती म्हणजे सवय. धूम्रपानाने या कर्करोगाचा धोका जवळजवळ दुप्पट होतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने धूरविरहित तंबाखूलाही तोंडाच्या कर्करोगाबरोबरच स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे कारण मानले आहे. आपल्याकडे हे वाक्य तंबाखू-चुना मळणाऱ्या पुरुषांना तर लागू आहेच, पण मिश्री लावणाऱ्या आज्या आणि काकूंनाही लागू आहे, आणि त्यांना ते कोणी सांगत नाही. तुमच्या आजी मिश्री लावत होत्या की नाही हे मला ठाऊक नाही. लावत असतील तरी त्यांच्या माघारी त्यांना बोल लावण्याचे कारण नाही. घरातील जी माणसे आज तंबाखू वापरतात, त्यांची सवय सुटावी म्हणून प्रयत्न करता येईल.

आता त्या दीड महिन्याविषयी. तो तुम्हाला सर्वांत जास्त खातो आहे हे पत्रातून दिसते. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे, पोटात खोलवर असते. लांबी साधारण पंधरा सेंटिमीटर. तिथे वाढणारी गाठ हाताला लागत नाही आणि बराच काळ काही त्रासही देत नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली मृत रुग्णांच्या गाठींचा जनुकीय अभ्यास करून असा अंदाज मांडला की पेशीतील पहिल्या बिघाडापासून पहिली खरी कर्करोगाची पेशी तयार व्हायला किमान दहा वर्षे लागतात, ती इतर अवयवांत पसरण्याइतकी समर्थ व्हायला आणखी किमान पाच वर्षे जातात आणि त्यानंतर रुग्ण सरासरी दोन वर्षे जगतो. या हिशेबात दीड महिन्याला किती जागा आहे ते पाहा. निदान होते त्या वेळी शंभरांतील पंधरा ते वीस रुग्णांचीच शस्त्रक्रिया होण्यासारखी असते, मग ते मुंबईत राहणारे असोत की न्यूयॉर्कमध्ये. तुमच्या आजोबांच्या यकृतात आजार पोहोचलेला होता. कावीळ दिसली त्याच दिवशी सीटी झाला असता तरी बहुधा हेच चित्र दिसले असते.

आजीच्या बाबतीत तर शंका यावी असे ठळक काही समोर नव्हतेच. मधुमेह, उतरलेले वजन आणि पाठदुखी ही तीनही लक्षणे आपापल्या जागी इतकी सामान्य आहेत की डॉक्टरांनाही ती वेगवेगळीच दिसतात. तुम्ही तिचे कौतुक केले ते प्रेमाने केले, आणि ते तिला आवडलेही असेल. त्या आठवणीला दोष चिकटवू नका.

हे मी तुमच्या समाधानासाठी सौम्य करून सांगत नाही, कारण याच वस्तुस्थितीची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्या पंधरा-वीस जणांची गाठ काढता येण्यासारखी असते, त्यांच्यासाठी सहा आठवडे ही मोठी मुदत आहे, आणि त्यांतले बरेच जण काविळीमुळेच वेळेवर सापडतात. गावाशी बोलायचे ते त्यांच्यासाठी. म्हणून बोलण्याचा सूर ठरवताना एक पथ्य पाळा : 'वेळेवर तपासले असते तर वाचले असते' हे वाक्य तुमच्या कोणत्याही फलकावर किंवा भाषणात येऊ देऊ नका. ऐकणाऱ्यांत या आजाराने माणूस गेलेले एखादे घर असेल, आणि त्यांना त्यात फक्त आरोप ऐकू येईल. तुम्हाला स्वतःलाही तेच ऐकू येईल.

मग सांगायचे काय? तुमच्या आजी-आजोबांचे आजार दोन वेगवेगळ्या वाटांनी आले, आणि त्या दोन वाटा लोकांना ओळखता आल्या की पुष्कळ साधले.

आजोबांची वाट काविळीची. यकृतातून येणारी पित्तनलिका स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागातून जाते, आणि बहुसंख्य गाठी त्याच भागात होतात. गाठीने नलिका दाबली की पित्त अडते : डोळे आणि लघवी पिवळी होतात, शौच मातकट पांढरे होते, अंगभर खाज सुटते, ताप मात्र बहुधा नसतो आणि पोटही फारसे दुखत नाही. आपल्या गावांत काविळीचा अनुभव असतो तो मुख्यतः दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीचा. ती तरुणांना आणि मुलांना होते, आधी ताप आणि मळमळ येते आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप ओसरते. माळ घातली, नाकात औषध सोडले, मंत्र टाकला, काहीही केले तरी ती ओसरतेच, आणि श्रेय औषधाला मिळते. म्हणून पन्नाशीच्या पुढच्या माणसाला तापाशिवाय कावीळ झाली की लोक त्याच दारात जातात. ते अडाणी असतात म्हणून जात नाहीत. याआधी तिथे घरातले कोणीतरी बरे झालेले असते म्हणून जातात.

यावरून मला असे सुचते, आणि कदाचित ते तुम्हाला रुचणार नाही : त्या कावीळ उतरवणाऱ्या गृहस्थांना जाऊन भेटा. भांडायला नव्हे, विनंती करायला. पन्नाशीपुढचा कोणी काविळीचा माणूस तुमच्याकडे आला तर त्याला आधी पोटाची सोनोग्राफी करून यायला सांगा, एवढे एकच त्यांच्याकडून मान्य करून घ्या. त्यांच्याकडे येणारी माणसे तुमच्या सभेला येणार नाहीत. त्यांचा शब्द मात्र ऐकतील. तुमच्या मनात त्यांच्याविषयी राग असणे स्वाभाविक आहे, आणि जाववत नसेल तर गावातील दुसऱ्या कोणाला पाठवा. पण जनजागृतीचे जेवढे मार्ग मला दिसतात, त्यांत सर्वांत जास्त उपयोग या एका भेटीचा होईल असे माझे मत आहे.

आजीची वाट अधिक अवघड, कारण तिच्यात रंग बदलत नाही. पन्नाशीनंतर नव्याने निघालेला मधुमेह किंवा आटोक्यात असलेला मधुमेह कारणाशिवाय बिघडणे, प्रयत्नाशिवाय उतरणारे वजन, पोटाच्या वरच्या भागात दुखून पाठीत भरणारी आणि आडवे झाल्यावर वाढून पुढे वाकून बसल्यावर थोडी कमी होणारी कळ, चिकट व तेलकट शौच, अन्नावरची वासना उडणे, पायात रक्ताची गुठळी होणे, यांतील एकेका लक्षणाची हजार साधी कारणे असतात. दोन-तीन एकत्र आली आणि दोन-तीन आठवड्यांत गेली नाहीत, तर 'पित्त झालंय' म्हणून औषधाच्या दुकानातून गोळ्यांची पट्टी आणत राहणे थांबवावे. इथे लोकांना आणखी एक बारकावा सांगायला हवा. सोनोग्राफी स्वस्त आहे आणि काविळीत ती उत्तम पहिली पायरी आहे; परंतु आतड्यातील वायूमुळे स्वादुपिंड तीत नेहमी नीट दिसत नाही. सोनोग्राफी 'नॉर्मल' आली, तरीही वजन उतरतच राहिले, तर डॉक्टरांना सीटी स्कॅनविषयी विचारावे. आणि काविळीसाठी पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी बारीक नळी, टाकण्याचा सल्ला मिळाला, तर शक्य असल्यास त्याआधी सीटी करून घ्यावा, कारण स्टेंट टाकल्यावर गाठीचे चित्र तितके स्पष्ट राहत नाही आणि शस्त्रक्रिया करता येईल की नाही हे ठरवणे अवघड होते.

ती शस्त्रक्रिया कुठे करायची, हेही लोकांना माहीत हवे. स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय आणि नलिकेचा भाग काढून सारे पुन्हा जोडण्याची ही शस्त्रक्रिया अमेरिकी शल्यविशारद ॲलन व्हिपल यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी ती १९३५ साली मांडली. ती पोटावरील सर्वांत कठीण शस्त्रक्रियांपैकी एक आहे, आणि ज्या रुग्णालयांत ती नेहमी केली जाते तिथे तिचे धोके स्पष्टपणे कमी असतात. १९४१ पासून मुंबईत परळला असलेले टाटा स्मारक रुग्णालय हे अशा केंद्रांपैकी एक. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे, हे सभेत जरूर सांगा. पैशांच्या धास्तीने पुढे न गेलेली घरे प्रत्येक गावात असतात. अमेरिकेत या आजारात निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण दहा-बारा वर्षांपूर्वी सुमारे ६ टक्के होते, आता ते १३ टक्के आहे. आकडा लहान आहे, पण तो दुपटीहून अधिक झाला आहे, आणि लोकांना दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात.

एक मोह टाळा. माहितीच्या नादात कोणी तुम्हाला सीए १९-९ या रक्तचाचणीचे शिबिर घेण्याचे सुचवील. घेऊ नका. रक्तातील त्याच नावाचा पदार्थ मोजणारी ही चाचणी निदान झालेल्या रुग्णाचा उपचार कसा चालला आहे हे पाहण्यासाठी उपयोगी पडते. निरोगी माणसांत ती विनाकारण वाढलेली दिसू शकते, साध्या काविळीतही वाढते आणि काही माणसांच्या शरीरात तो पदार्थ तयारच होत नाही. कोणतेही लक्षण आणि कौटुंबिक इतिहास नसलेल्या लोकांची या कर्करोगासाठी सरसकट तपासणी करू नये, अशीच अमेरिकेतील तज्ज्ञ मंडळाची २०१९ ची शिफारस आहे. तसेच ॲपल कंपनीचे संस्थापक स्टीव्ह जॉब्ज या आजारात आठ वर्षे जगले असे सांगून अमुक आहाराचा किंवा रसाचा दाखला देणारे संदेश फिरतात. त्यांच्या स्वादुपिंडातील गाठ न्यूरोएंडोक्राइन या वेगळ्या, सावकाश वाढणाऱ्या प्रकारची होती. तिची तुलना तुमच्या आजोबांच्या आजाराशी होत नाही.

आता आजीच्या वेदनेविषयी. हा भाग तुम्ही पत्रात एका वाक्यात उरकला आहे, पण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बरा न होणारा कर्करोग म्हणजे उपचार संपले, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. प्रत्यक्षात या आजारातील वेदना कमी करण्याचे मार्ग आहेत : मॉर्फिनच्या गोळ्या, आणि स्वादुपिंडामागील मज्जातंतूंच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन ते बधिर करण्याची पद्धत. अन्न पचावे म्हणून जेवणाबरोबर पाचकद्रव्यांच्या कॅप्सूल देता येतात, अडलेले पित्त मोकळे करून खाज थांबवता येते. मॉर्फिन मिळवण्याचे नियम २०१४ सालच्या कायदादुरुस्तीने सुलभ झाले आहेत. याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मुंबईत वांद्रे येथे शांती आवेदना सदन १९८६ पासून ही सेवा देत आहे, पुण्यात वारजे येथे सिप्लाचे केंद्र आहे, आणि काही जिल्हा रुग्णालयांतही आता अशी सेवा मिळते. ज्या घराला शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, त्या घराला याचा उपयोग आहे, आणि अशी घरे संख्येने जास्त आहेत. म्हणून तुमच्या माहितीपत्रकाचा अर्धा भाग याला द्या असे मी आग्रहाने सांगते.

तिला आजाराचे नाव सांगितले नाही, याची खंत तुम्हाला आहे. आपल्या घरांत हे मायेपोटीच होते. पण नाव लपवले की रुग्णाला मनातले बोलता येत नाही, कोणाला काय सांगायचे ते सांगता येत नाही, आणि दुखते आहे हे सांगायलाही तो संकोचतो. यापुढे घरात असा प्रसंग आला तर रुग्णालाच विचारावे : तुम्हाला तुमच्या आजाराविषयी किती जाणून घ्यायचे आहे? ज्याला नको असेल तो नको म्हणेल.

आत्यांचा विरोध मी हलका मानत नाही. लग्नाच्या बोलण्यात 'त्यांच्या घरात कॅन्सर आहे' हे वाक्य खरोखरच वापरले जाते, आणि त्याची झळ तुम्हाला नव्हे, त्यांच्या मुलींना बसेल. मनोहर पर्रीकरांसारखा राज्याचा मुख्यमंत्री फेब्रुवारी २०१८ मध्ये आजारी पडला, आणि आजाराचे नाव, म्हणजे हाच स्वादुपिंडाचा कर्करोग, गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीरपणे घेतले ते ऑक्टोबरमध्ये. मधल्या महिन्यांत तर्कवितर्कांना ऊत आला होता. पुढे नाकात नळी असलेले पर्रीकर जानेवारी २०१९ मध्ये विधानसभेत अर्थसंकल्प मांडताना दिसले आणि १७ मार्चला गेले. नाव कधी आणि किती उघड करायचे हा रुग्णाचा आणि त्याच्या घराचा अधिकार आहे. तसाच तो तुमच्या आत्यांचाही आहे, कारण गेले ते त्यांचे आईवडील.

सुदैवाने तुमच्या कामासाठी घरची कहाणी सांगणे आवश्यक नाही. लक्षणे सांगा, तपासण्या सांगा, सेवा कुठे मिळते ते सांगा. 'आमच्या घरात' हे शब्द आत्या स्वतः होऊन म्हणतील त्या दिवसापर्यंत राखून ठेवा. त्यांच्याशी आधी वेगळ्या विषयावर बोला : जनुकीय समुपदेशनाची जेवढी गरज तुमच्या वडिलांना आहे, तेवढीच त्यांनाही आहे. चाचणीत काही निघाले नाही, तर मुलींच्या लग्नाच्या भीतीला तेच सर्वांत चांगले उत्तर होईल; आणि निघाले, तर त्या मुलींना ते लग्नाच्या बाजारासाठी नव्हे, स्वतःच्या तब्येतीसाठी कळायला हवे.

कामाची वेळ आणि जागा यांविषयी थोडे. नोव्हेंबर महिना जगभर या कर्करोगाच्या जागृतीसाठी पाळतात, आणि त्यातील तिसरा गुरुवार हा त्याचा दिवस. जांभळा रंग ही त्याची खूण आहे. पण तुमच्या भागात नोव्हेंबरमध्ये ऊसतोड सुरू झालेली असते आणि सभेला कोणी थांबत नाही. त्यापेक्षा गावातील हरिनाम सप्ताहात कीर्तनाआधीची दहा मिनिटे मागा, बचत गटाच्या मासिक बैठकीला जा, दूध संकलन केंद्रावर आणि औषधाच्या दुकानात एकेक फलक लावा. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि आशाताईंना आधी भेटा. लोकांनी 'सोनोग्राफी हवी' म्हणून यायचे आणि तिथे त्यांना परत पाठवले जायचे, असे होता कामा नये. फलकावर चारच ओळी ठेवा : पन्नाशीनंतर तापाशिवाय कावीळ, नवा मधुमेह आणि उतरते वजन, पोटातून पाठीत जाणारी, न थांबणारी कळ, आणि यांपैकी काही असेल तर कुठे जायचे, त्या रुग्णालयाचे नाव आणि बाह्यरुग्ण विभागाची वेळ. मजकूर तयार झाला की या सदराच्या पत्त्यावर पाठवा. छापण्याआधी वैद्यकीयदृष्ट्या तपासून, आवश्यक ते बदल सुचवून मी तो तुम्हाला परत पाठवीन.